पळसाला पाने तीनच का?

घारापुरीच्या मुख्य लेण्यात शिरलं की समोरच्या भिंतीतून तीन मुखांची ती प्रचंड मूर्ती आपल्याकडे बघते. उंची साडेपाच मीटरच्या आसपास, काळ साधारण सहावं शतक, १९८७ पासून जागतिक वारसा. गेटवेहून लाँचने आलेली माणसं तिच्यासमोर थबकतात आणि कुणी ना कुणी बरोबरच्या मुलाला सांगत असतं, ‘हा ब्रह्मा, हा विष्णू, हा महेश.’ कित्येक जुन्या पुस्तकांतही तसंच लिहिलेलं आहे. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक मात्र आज सांगतात की ही तिन्ही मुखं एकट्या शिवाची आहेत. आपल्या डावीकडचा मिशीवाला उग्र चेहरा अघोराचा, म्हणजे भैरवरूपाचा. उजवीकडचा, कमळ धरलेला कोमल चेहरा वामदेवाचा, म्हणजे उमारूपाचा. मधला, मिटल्या डोळ्यांचा, तत्पुरुषाचा. मूर्ती सदाशिवाची आहे आणि सदाशिवाला मुखं पाच. चौथं, सद्योजात, मागच्या बाजूला. ते डोंगराच्या कातळातच राहिलं. पाचवं, ईशान, वरच्या दिशेला. तेही कोरलेलं नाही.

दिसतात तीन, आहेत पाच. शिल्पकारांनी तीनवर हात थांबवला आणि पुढचं बघणाऱ्याच्या समजेवर सोपवलं. तीन हा आकडा आपल्या परंपरेत कसा वापरला जातो, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

तिनांची यादी करायला बसलं तर ती संपत नाही. त्रिलोक, त्रिकाळ, त्रिगुण, त्रिशूळ, बेलाचं त्रिदल, त्रिपुरी पौर्णिमा, तीन वेळा आचमन, पळीने तीनदा तीर्थ. मग निसर्गाची यादी सुरू होते: नारळाचे तीन डोळे, पळसाची तीन पानं, डोळ्यांना कळणारे तीन मूळ रंग, जनुकांची तीन-तीन अक्षरं. मोबाइलवर फिरणारे संदेश या दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवतात आणि म्हणतात, बघा, पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं. या घाईत दोन्हींवर अन्याय होतो. निसर्गात तीन जिथे येतो तिथे त्याला कारण असतं आणि बहुतेक ठिकाणी ते कारण निराळं असतं. धर्मात तीन येतो त्यालाही कारण आहे, पण ते माणसाच्या मनात सापडतं. दोन्हीकडची कारणं आधी वेगवेगळी बघितली, तरच त्यांच्यातला खरा सारखेपणा दिसतो. तो एका वाक्यात सांगायचा तर असा: दोनवर काम भागत नाही, तीनवर पहिल्यांदा भागतं.

चुलीपासून सुरुवात करू. तीन दगड मांडून भांडं ठेवलं की ते हलत नाही, मग दगड लहानमोठे का असेनात. भांडं थोडं कलेल, पण डुगडुगणार नाही. कारण अवकाशातले कुठलेही तीन बिंदू, ते एका रेषेत नसले तर, एक आणि एकच पातळी ठरवतात. दोन दगडांवर भांडं पडतं. चार दगड मांडले तर चौथा त्या पातळीला नेमका लागेलच असं नाही, म्हणून चार पायांचं टेबल डुगडुगतं आणि आपण त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवतो. फोटोग्राफरच्या स्टँडला तीन पाय असतात तेही यासाठीच.

गिल्बर्ट हिलचे उभे खांब

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत काळ्या बेसॉल्टचा एक सुळका उभा आहे, गिल्बर्ट हिल. उंची सुमारे २०० फूट. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे आणि तिथे जायला पायऱ्या आहेत. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा हा दगड. लाव्हा थिजून तयार झालेला. लांबून बघितलं तर कड्यावर उभ्या रेघा दिसतात, कुणी मुद्दाम खांब रचून ठेवल्यासारख्या. त्या रेघा म्हणजे भेगा आहेत आणि त्या भेगांमध्ये तीनचा एक देखणा नियम दडलेला आहे.

लाव्हा थंड होताना आकसतो. भोवतालचा दगडही आकसत असतो, त्यामुळे ताण येतो आणि ताण सहन झाला नाही की तडा जातो. पृष्ठभागावर पहिले तडे वेडेवाकडे पडतात. एक लांब तडा आधी पडतो, दुसरा नंतर येऊन त्याला काटकोनात भिडतो. उन्हात वाळलेल्या चिखलात, किंवा भांडुप-मुलुंडकडच्या मिठागरांच्या सुकलेल्या जमिनीत असे काटकोनी सांधे बघायला मिळतात. पण लाव्हा आतआत थंड होत जातो तशा भेगाही खोल खोल उतरतात, आणि उतरताना स्वतःला दुरुस्त करत जातात. काटकोन हळूहळू उघडतो, आणि शेवटी प्रत्येक सांध्यावर तीन भेगा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून भेटू लागतात. १२० त्रिक ३६०. तिन्ही बाजूंचा ताण इथे सारखा वाटला जातो आणि कमीत कमी भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा होतो.

आता यातून षटकोन कसे निघतात ते बघा, कारण नेमकं इथेच बहुतेक पुस्तकं घाईने पुढे जातात. लाव्हाला षटकोनाची आवड नसते. नियम एवढाच की प्रत्येक सांध्यावर तीनच भेगा भेटाव्यात. अशा जाळ्याचं गणित मांडलं तर त्यातल्या घरांना सरासरी सहा बाजू येतात, दुसरं काही येऊच शकत नाही. म्हणून अशा दगडात पाच बाजूंचे खांब सापडतात, सात बाजूंचेही सापडतात, पण सरासरी सहाच्या जवळ घुटमळते. सहा हा परिणाम आहे आणि त्याचं मूळ तीनमध्ये आहे. मधमाशीच्या पोळ्यातही प्रत्येक कोपऱ्यावर तीन भिंती भेटतात. जुहू चौपाटीवर साबणाचे फुगे सोडणारा असतो ना, त्याच्या फुग्यांचा पुंजका जवळून बघा. तीन पडदे एका रेषेत मिळालेले दिसतील. चार पडदे क्षणभर एकत्र आले तरी ती जुळणी टिकत नाही, लगेच सरकून तीन-तीनचे दोन सांधे होतात. निसर्गाने तीन निवडला असं आपण म्हणतो, पण खरं तर इथे चौथ्याला जागाच उरत नाही.

तीन अक्षरांची भाषा

दुसरं उदाहरण आपल्या प्रत्येक पेशीतलं आहे, आणि तिथलं कारण निव्वळ अंकगणित आहे.

शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. कुठलं आम्ल कुठल्यानंतर जोडायचं याची सूचना डीएनएमध्ये लिहिलेली असते, आणि डीएनएची मुळाक्षरं फक्त चार: ए, टी, जी, सी. चार अक्षरांत वीस नावं लिहायची आहेत. एकेक अक्षराचा शब्द केला तर चारच शब्द होतात. दोन-दोन अक्षरांचे केले तर चार चोक सोळा. वीसला सोळा पुरत नाहीत. तीन-तीन अक्षरांचे केले तर चौसष्ट होतात आणि काम भागतं. जॉर्ज गॅमॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये केवळ या हिशेबावरून शब्द तीन अक्षरी असावेत असं म्हटलं होतं.

प्रयोगाने ते सिद्ध झालं १९६१ मध्ये, फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. त्यांची युक्ती मराठीत सहज करून बघता येते. तीन अक्षरांचे चार शब्द घ्या: मगन पवन सजल गगन. यातलं तिसरं अक्षर काढा आणि पुन्हा तीन-तीनचे गट पाडा: मगप वनस जलग गन. सगळा अर्थ गेला. आता मूळ ओळीतली तीन अक्षरं काढा, तिसरं, पाचवं आणि सातवं: मगप नजल गगन. सुरुवात बिघडलेली आहे, पण शेवटचा शब्द पुन्हा जागेवर आला. क्रिक आणि ब्रेनर यांना एका विषाणूच्या जनुकात हेच दिसलं. एक किंवा दोन अक्षरं कमीजास्त झाली तर पुढचा सगळा मजकूर निकामी. तीन झाली तर गाडी पुन्हा रुळावर. म्हणजे वाचन तीन-तीनच्या गटांतच होतं.

मग कुठल्या शब्दाचा अर्थ कुठलं आम्ल, हा कोश तयार करायला जगभरचे शास्त्रज्ञ लागले. त्यात पंजाबातल्या रायपूर नावाच्या लहान गावी जन्मलेले हरगोविंद खुराना होते. त्या कामासाठी त्यांना १९६८ चं नोबेल मिळालं, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासह. चौसष्टपैकी एकसष्ट शब्द आम्लांचे आहेत. उरलेले तीन ‘इथे थांब’ असं सांगतात.

या तीनला कुठल्याही देवाशी जोडायची गरज मला वाटत नाही. सोळा अपुरे पडले आणि चौसष्ट पुरले, हेच पुरेसं आश्चर्य आहे.

वंशातून आलेला तीन

झाडांकडे आलं की कारण पुन्हा बदलतं. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण कुठेही गेलं तरी परिस्थिती तीच, या अर्थाने वापरतो. खरं तर पळसाचं एकच पान असतं आणि त्याला तीन पर्णिका असतात. पळस शेंगांच्या कुळातला आहे. त्याच कुळातल्या पांगाऱ्याला, तुरीला, वालाला, घेवड्यालाही तीन-तीनच पर्णिका. ही घराण्याची ठेवण आहे. बेलाला तीन असतात, पण बेल लिंबाच्या कुळातला, पळसाचा लांबचाही सोयरा नाही. त्याला तीन वेगळ्या वाटेने मिळाले. लिंबाचं पान हातात घेऊन बघा, देठ आणि पातं यांच्यामध्ये एक सांधा दिसतो. हे मुळात संयुक्त पान आहे, त्यातली एकच पर्णिका उरली आहे, याची ती खूण.

मुंबईत सगळ्यात सहज दिसणारं त्रिक म्हणजे बोगनवेल, सोसायट्यांच्या कुंपणांवर आणि महामार्गांच्या दुभाजकांवर फुललेली. त्या रंगीत पाकळ्या नव्हेत, रंगलेली पानं आहेत. तीन पानांच्या आत तीन पांढुरक्या, नळीसारख्या खऱ्या फुलांचा झुबका असतो. दादरच्या फुलबाजारातून निशिगंध आणलात तर त्याचं एक फूल उलगडून पाकळ्या मोजा: बाहेर तीन, आत तीन. केळ, नारळ, कर्दळ, निशिगंध, ही सगळी एकदल वनस्पतींची मंडळी, आणि एकदलांच्या फुलांत अवयव तीनच्या पटीत येतात. सोललेलं केळं टोकाकडून बोटाने अलगद दाबलं तर ते उभं तीन फाकांत उलगडतं, कारण ते तीन कप्प्यांच्या बीजाशयातून वाढलेलं असतं. नारळाचं तेच. मुळात तीन कप्पे, त्यांतला एकच वाढतो, आणि तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो. कोंब त्यातूनच बाहेर पडतो. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून समुद्राला अर्पण होणाऱ्या नारळाचे ते तीन डोळे बघून कुणाला त्र्यंबक आठवला असेल तर त्यात चूक काहीच नाही. ती भक्ताची नजर आहे. फक्त, त्याच पूजेच्या तबकात जास्वंद असते आणि तिला पाकळ्या पाच असतात. निसर्गाला एखाद्या आकड्याचं व्रत नसतं.

रंगांचा तीन तर आपल्या आतलाच आहे. टीव्ही आणि मोबाइलचा पडदा लाल, हिरवा, निळा या तीन रंगांतून सगळे रंग दाखवतो. पण प्रकाशात तीनच मूळ रंग असतात म्हणून हे जमत नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात म्हणून जमतं. कुत्र्याला दोनच प्रकार, बऱ्याच पक्ष्यांना चार. आपला टीव्ही कावळ्याला कसा दिसत असेल कोण जाणे, खरा मात्र नक्कीच वाटत नसणार.

मनाची मोजणी

आता माणसाकडे. आपला मेंदू तीन, फार तर चार वस्तू न मोजता ओळखतो. ताटात तीन लाडू आहेत हे एका नजरेत कळतं. सात असतील तर मोजावे लागतात. याचा पुरावा लिपींमध्ये आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत एकला एक आडवी रेघ आहे, दोनला दोन, तीनला तीन. चारला मात्र वेगळंच चिन्ह. चिनी लिपीतही पहिल्या तीन आकड्यांना एक, दोन, तीन रेघा आणि चौथ्याला निराळी आकृती. आज आपण लिहितो तो ३ त्या तीन रेघा भराभर जोडूनच झाला आहे.

दुसरी गोष्ट, एकदा घडलं तर ती घटना असते, दोनदा घडलं तर योगायोग असू शकतो, तिसऱ्यांदा घडलं की आपण नियम शोधायला लागतो. गोष्टींत राजाला तीन मुलगे असतात आणि तिसराच जिंकतो, ते यामुळे. लिलावात तिसऱ्यांदा पुकारल्याशिवाय बोली पक्की होत नाही. संस्कृतात एकवचन, द्विवचन आणि मग थेट बहुवचन. ‘अनेक’ची सुरुवात तीनपासून होते. आणि दोघांत तिसरा आला की पारडं एकीकडे झुकतं, याचाही आपल्याला अनुभव असतो, म्हणून ‘तीन तिघाडा काम बिघाडा’ म्हणणारेही आपणच. कित्येक घरांत ताटात एकदम तीन पोळ्या वाढत नाहीत. त्याच घरात तीर्थ तीनदा घेतात. दोन्ही खरं आहे, कारण तीन हा भरलेला आकडा आहे, आणि भरलेल्या गोष्टीचं माणसाला आकर्षण असतं तशी धास्तीही असते.

तीनच्या पलीकडचं

माणूस जगाची पूर्ण मोजदाद करू बघतो तेव्हा ती फार वेळा तीनवर येऊन ठेपते. पायाखाली पृथ्वी, डोक्यावर आकाश, मध्ये अंतरिक्ष. काल, आज, उद्या. ऋग्वेदातला विष्णू तीन पावलांत सगळं विश्व व्यापतो. सांख्य तत्त्वज्ञांनी सगळ्या सृष्टीची घडण तीन गुणांत सांगितली: प्रकाश आणि स्वच्छता म्हणजे सत्त्व, हालचाल म्हणजे रज, जडपणा म्हणजे तम. प्रत्येक वस्तूत तिन्ही असतात, प्रमाण बदलतं. मुंबईतल्या महालक्ष्मी मंदिराच्या गाभाऱ्यात महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती एकत्र आहेत. दुर्गासप्तशतीची तीन चरित्रं याच तिघींची, आणि तिथेही तम, रज, सत्त्व हीच जोडणी लावली जाते.

पितरांचंही तसंच. सर्वपित्री अमावास्येला वाळकेश्वरच्या बाणगंगेवर पिंडदानासाठी गर्दी होते. पिंड तीन पिढ्यांचे: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. त्यापलीकडच्यांसाठी वेगळा पिंड नसतो. हाताला चिकटलेल्या शेषावर त्यांचा हक्क सांगितला आहे. मला ही कल्पना फार माणुसकीची वाटते. ज्यांचा चेहरा आठवतो किंवा निदान ज्यांच्याबद्दल घरात ऐकलेलं असतं, त्यांना नावाने हाक. पुढचे नावाने आठवत नाहीत, पण त्यांना उपाशी ठेवायचं नाही.

आणि इथे घारापुरीचा कातळात राहिलेला चौथा चेहरा पुन्हा समोर येतो. निसर्गातल्या तीनमध्ये ‘पुरलं’ एवढंच असतं. आपल्या परंपरेने त्यात एक भर घातली: तीन मोजून झाले की ती पुढच्याकडे बोट दाखवते. मांडूक्य उपनिषद बारा मंत्रांचं, उपनिषदांतलं बहुधा सर्वांत आटोपशीर. त्यात ओंकाराच्या तीन मात्रा, अ, उ, म, या जागृती, स्वप्न आणि गाढ झोप या तीन अवस्थांशी जोडलेल्या आहेत. जगातला सगळा अनुभव या तिघांत येतो. मग उपनिषद चौथ्याविषयी बोलतं. त्याला मात्रा नाही, उच्चार नाही. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या आरंभी हाच ओंकार गणपतीच्या रूपात पाहिला: अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक. आणि मुंबईतल्या हजारो घरांत जे पाठ असतं त्या अथर्वशीर्षात आपण म्हणतो, ‘त्वं गुणत्रयातीतः, त्वं देहत्रयातीतः, त्वं कालत्रयातीतः.’ तीन गुण, तीन देह, तीन काळ. तू प्रत्येकाच्या पलीकडचा. पाठांतराच्या वेगात हा ‘अतीत’ निसटून जातो. पण सगळा जोर तिथेच आहे. गीताही अर्जुनाला तेच सांगते, तीन गुणांच्या वर ऊठ.

दत्ताचं त्रिमुखी रूप तर महाराष्ट्राचं अगदी घरचं. संत एकनाथांच्या आरतीत पहिल्या दोन ओळींत तीन पुन्हा पुन्हा येतो, त्रिगुण, त्रैमूर्ती, त्रैलोक्य. आणि तिसऱ्या ओळीत लगेच ‘नेति नेति’. हेही नाही, तेही नाही. तीन सांगून झाल्याबरोबर एकनाथ ते मागे टाकतात.

मुंबईतल्या देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, भाविक पाटावर तांदळाची आकृती काढताना दिसतात. खाली स्वस्तिक, त्याच्या चार बाहू म्हणजे जन्माच्या चार गती. वर तीन ढिगल्या, सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र्य. त्याहून वर चंद्रकोर आणि ठिपका, मुक्त जीवांचं स्थान. इथेही तीन ही वरच्याकडे जाणारी पायरी आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच सूत्रात ही तीन रत्नं सांगितली आहेत, आणि त्यांचा मिळून मार्ग एकच मानला आहे.

पारशी समाजातली कुस्ती, म्हणजे कमरेला बांधायचा पवित्र गोफ, ७२ धाग्यांची विणलेली असते आणि सुद्रेवर, म्हणजे आतल्या पांढऱ्या सदऱ्यावर, कमरेभोवती तीन वेढे देऊन बांधतात. हुमत, हूख्त, हुवर्श्त: चांगला विचार, चांगला शब्द, चांगली कृती. या त्रिकाचं वैशिष्ट्य असं की त्यात क्रम आहे. मनातलं ओठांवर, ओठांवरचं हातात. दिवसातून जितक्या वेळा कुस्ती सोडून बांधायची, तितक्या वेळा ही उजळणी.

वांद्र्यापासून वसईपर्यंतच्या चर्चमध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने क्रूसाची खूण करतात. ख्रिस्ती धर्मातलं पवित्र त्रैक्य म्हणजे तीन देव नव्हेत. देव एक, व्यक्ती तीन, ही मांडणी इ.स. ३२५ ची नायसियाची आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची अशा दोन धर्मपरिषदांतून पक्की होत गेली. त्रिमूर्तीशी तिची तुलना नेहमी होते, पण ती फार पुढे नेऊ नये. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी आहे. त्रैक्यात तशी वाटणी नाही. तिथे मुद्दा एकाच देवाच्या अंतरंगातल्या नात्याचा आहे.

इस्लाममध्ये तीनला श्रद्धेच्या गाभ्यात स्थान नाही. तिथे ईश्वर एकमेव आहे आणि कुराण ‘तीन’ म्हणू नका असं स्पष्ट सांगतं. पण उपासनेच्या कृतीत तीन आहेच: वजू करताना हात, तोंड, चेहरा तीन-तीनदा धुणं, ३३ मण्यांची तसबीह तीनदा फिरवून ९९. एखादी गोष्ट नीट, पूर्ण झाली असं मनाला वाटायला तीन आवृत्त्या लागतात, हे इथे श्रद्धेपासून वेगळं काढून स्वच्छ बघायला मिळतं.

बौद्ध त्रिशरणात बुद्ध, धम्म, संघ या तिघांना शरण जायचं आणि तेही तीन वेळा: एकदा साधं, मग ‘दुतियम्पि’, मग ‘ततियम्पि’. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर हे शब्द दिवसभर कानावर पडतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली ती याच त्रिशरणाने आणि पंचशीलाने. आणि तीनचा सगळ्यात काटेकोर वापर मला त्यांच्याकडेच सापडतो. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे, असं ते १९५४ मधल्या आकाशवाणीच्या भाषणात म्हणाले. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत, या तिघांना सुटं सुटं का घेता येत नाही ते त्यांनी एकेक काढून दाखवलं होतं. समता काढली तर स्वातंत्र्यातून मूठभरांची अनेकांवर सत्ता येते. स्वातंत्र्य काढलं तर समता माणसाची स्वतःची उमेद मारून टाकते. आणि बंधुता काढली तर उरलेली दोन्ही आपोआप चालत नाहीत. ती अमलात आणायला पोलीस उभा करावा लागतो.